दोघी बहिणींचा एकच रिपोर्ट

"मॅडम, मी आयुष्यात कधी स्कूटी चालवलेली नाही," असं म्हणून स्वातीने रिपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. "आणि ह्यात लिहिलंय, मी स्कूटीचं कर्ज बुडवलं."

एवढं बोलून ती गप्प झाली. पुढचं सगळं तिचे वडील बोलले. मारुती नलावडे, इनामगावचे. गावात त्यांना आप्पा म्हणतात. शेती बरी, घोड नदीचं पाणी, आणि बरीच वर्षं गावच्या विकास सोसायटीचे संचालक.

"मॅडम, पोरीनं दोन वर्सं खोलीचं दार लावून अभ्यास केला. सरकारी बँकेत क्लार्क म्हणून सिलेक्शन झालं. गावात पेढं वाटलं. आन् आता बँक म्हणती, तुमची पोरगी थकबाकीदार! मी डायरेक्टर व्हतो सोसायटीचा. थकबाकीदाराला आम्ही निवडणुकीचा फॉर्म भरू देत न्हाई. आन् माझ्याच घरात थकबाकी?"

मी त्यांना पाणी दिलं. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ माझं छोटं ऑफिस आहे. आधी मी एका बँकेत कर्ज विभागात होते. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता एवढंच काम करते, लोकांचे क्रेडिट रिपोर्ट दुरुस्त करून देणं. दारावरच्या पाटीवर 'साळवे कन्सल्टन्सी' लिहिलंय. लोक मात्र विचारत येतात, "त्या स्कोअरवाल्या बाई कुठं बसतात?"

क्रेडिट रिपोर्ट म्हणजे तुमच्या कर्जफेडीचं प्रगतिपुस्तक. तुम्ही कुठूनही कर्ज घेतलं, अगदी हप्त्यावर मोबाइल घेतला तरी, कर्ज देणारा दर महिन्याला त्याची माहिती क्रेडिट ब्युरो नावाच्या कंपनीला कळवतो. हप्ता आला, हप्ता चुकला, कर्ज फिटलं, कर्ज बुडलं. ब्युरो ती माहिती एकत्र करून रिपोर्ट बनवते आणि त्यावरून स्कोअर काढते. ब्युरो स्वतः काही तपासत नाही. जे कळवलं जातं ते छापते.

आता बँकेत नोकरी लागली तरी हा रिपोर्ट बघतात. दुसऱ्यांचे पैसे सांभाळणाऱ्याने आपलं कर्ज बुडवलेलं नसावं, असा त्यामागचा हिशेब. स्वातीला बँकेची मेल आली होती. पुढच्या महिनाअखेरपर्यंत एक तर स्वच्छ रिपोर्ट दाखवा, नाहीतर कर्ज देणाऱ्या कंपनीचं 'काही बाकी नाही' असं पत्र आणा. नाही आणलं तर नेमणूक रद्द.

मी रिपोर्ट वाचायला घेतला. कर्जं दोनच होती. एक मोबाइलचं, वेळेवर फिटलेलं. दुसरं टू-व्हीलर लोन, दौंडच्या एका फायनान्स कंपनीचं. त्याच्यापुढे शेरा होता 'रिटन ऑफ'. म्हणजे कंपनीने वसुलीची आशा सोडली आणि ते कर्ज हिशेबात बुडीत दाखवलं. रिपोर्टमध्ये ह्याहून वाईट शेरा क्वचितच असतो.

मग मी पहिल्या पानावरची वैयक्तिक माहिती बघितली. जन्मतारीख एक. पत्ता एक. फोन नंबर एक. पण पॅन नंबर दोन होते. आणि नावं तीन. स्वाती मारुती नलावडे. एस. एम. नलावडे. सारिका मारुती नलावडे.

"सारिका कोण?" मी विचारलं.

स्वातीने मान खाली घातली. तिने ते नाव आधीच वाचलेलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आप्पांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांच्यासमोर ते नाव निघू नये म्हणून पोरगी गप्प बसली होती.

"सारिका माझी थोरली," आप्पा म्हणाले. "थोरली म्हंजी, पंधरा मिन्टानं. जुळ्या हायत दोघी. का? तिचं काय?"

सांगण्यावाचून इलाज नव्हता. जुळ्या बहिणी, एकाच अक्षराने सुरू होणारी नावं, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, जन्मतारीख तीच, पत्ता तोच, आणि घरातल्या सगळ्या कागदांवर आप्पांचाच मोबाइल नंबर. ब्युरोच्या कॉम्प्युटरला वाटलं, ही एकच बाई आहे. त्याने दोघींची फाइल एक करून टाकली. आमच्या भाषेत ह्याला मर्ज झालेली फाइल म्हणतात.

"म्हणजे मोबाइलचं कर्ज स्वातीचं," मी म्हणाले. "स्कूटीचं सारिकाचं असणार."

आप्पांचा चेहरा बदलला. "गाडी व्हती तिला. रांजणगावला कंपनीत जायची तवा घेतलेली. पण लग्नाआधी मला म्हणाली, फेडलंय सगळं." त्यांनी टेबलावरचा रिपोर्ट हाताने दूर सरकवला. "खोटं बोलली माझ्याशी."

"आप्पा, असं एकदम..." स्वाती म्हणाली.

"तू गप. मॅडम, लिवा तुम्ही. कर्ज स्वातीचं न्हाई, सारिकाचं हाय. तिचं तिच्या नावावर जाऊं दे. हिची नोकरी वाचूं दे."

खरं तर कायद्याने तेच बरोबर होतं. ब्युरोकडे तक्रार करायची, तिला डिस्प्यूट म्हणतात. 'हे कर्ज माझं नाही' असा पर्याय असतो. पॅन जोडायचे, आधार जोडायचे, फाइल वेगळी होते. मी फॉर्म उघडला. स्वाती म्हणाली, "मॅडम, ते माझं नाही एवढंच लिहा. तिचं आहे असं लिहू नका."

"मग कोणाचं, असं ते विचारणारच."

"माझ्या क्लासची पहिली फी तिच्या पगारातनं गेलीय," ती म्हणाली. "तिला न विचारता मी तिचं नाव देणार नाही. नोकरी गेली तर गेली."

आप्पा ताडकन उठले आणि बाहेर गेले. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

मला ती मुलगी आवडली. पण आवडून डिस्प्यूट सुटत नसतो. मी म्हणाले, "मग आत्ताच विचार तिला. लाव फोन. स्पीकरवर टाक."

सारिका लग्न होऊन भांडगावला दिलेली. हायवेपासून आत तिच्या सासरचं रान आहे आणि तिथे तिने भाजीपाल्याच्या रोपांची नर्सरी काढलीय. फोन लागला तेव्हा मागे पाण्याच्या मोटरचा आवाज येत होता. स्वातीने अडखळत सांगितलं. तिचं सांगून होताच पलीकडची मोटर बंद झाली.

"मी बुडवलं? मी?" आवाज इतका चढला की मी स्पीकर कमी केला. "अगं, हळदीच्या आधी मी सगळं कर्ज एकरकमी भरून टाकलं. सासरी जाताना डोक्यावर हप्ता नको म्हून. कंपनीतनं सुटल्यावर मिळालेलं सगळं पैसं तिथंच घातलं. दौंडात, त्यांच्या खिडकीवर! आन् आप्पा काय म्हणाले?"

"आप्पा... बाहेर गेलेत," स्वाती म्हणाली. सारिकाला कळायचं ते कळलं.

मी मध्ये बोलले. "सारिका, मी साळवे. पावती आहे का?"

"कुठली पावती मॅडम, लग्नाच्या गडबडीत. गाडीबी आता माझ्याकडं न्हाई. इथं आल्यावर विकली. गावातल्याच दूधवाल्याला."

"विकली? त्याच्या नावावर झाली?"

"झाली की. आरटीओत दोघं जाऊन सह्या केल्या."

मी खुर्चीत मागे टेकले. "मग कर्ज फिटलंय. माझा तुझ्यावर विश्वास बसला."

दोघी बहिणी एकदम म्हणाल्या, "कसं काय?" एक समोरून, एक फोनमधून. आवाज इतका सारखा की क्षणभर मलाही कळेना कोण कुठे आहे.

कर्जावर गाडी घेतली की तिच्या आरसी बुकावर कंपनीचा बोजा चढतो, जमिनीच्या सातबाऱ्यावर चढतो तसा. तो उतरल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आणि तो उतरवायला कर्ज देणाऱ्या कंपनीची सही-शिक्क्याची संमती लागते, आमचं कर्ज फिटलं म्हणून. म्हणजे ज्या कंपनीने सारिकाला थकबाकीदार ठरवलं, तिनेच कधीतरी लिहून दिलं होतं की पैसे मिळाले.

"सारिका, तुला मध्ये कुठे कर्ज नाकारलं होतं का?"

"दोनदा. नर्सरीवर शेडनेट टाकायचंय. बँक म्हणाली स्कोअर बसत न्हाई. मला वाटलं, बाईमाणूस, नावावर जमीन न्हाई, म्हून देत नसतील. मग कुणाला बोललेच न्हाई."

फाइल एकच, त्यामुळे शेरा दोघींना भोवत होता. एकीची नोकरी अडली होती, दुसरीचं शेडनेट. मी ठरवलं, नुसती फाइल वेगळी करून भागायचं नाही. तो शेराच खोडायचा.

आधी सरळ मार्गाने गेले. ब्युरोकडे दोन डिस्प्यूट टाकले. स्वातीच्या नावाने, कर्ज माझं नाही. सारिकाच्या नावाने, कर्ज माझं आहे पण फिटलेलं आहे. ब्युरो असा डिस्प्यूट कर्ज देणाऱ्याकडे पाठवते. त्याने हो म्हटलं तरच दुरुस्ती होते. दोनेक आठवड्यांनी उत्तर आलं, दोन्हींना एकच: 'कर्ज देणाऱ्या संस्थेने माहिती बरोबर असल्याचे कळवले आहे.' तिकडे कोणीतरी कॉम्प्युटरवर नाव, जन्मतारीख, फोन जुळवून बघितला असणार. जुळ्यांचं सगळंच जुळत होतं.

एव्हाना महिनाअखेर दिसायला लागली होती. मी दौंडला जायचं ठरवलं. कर्ज देणारी कंपनी मूळची दुसरीच होती, तिला ह्या कंपनीने विकत घेतलेलं, पण शाखा दौंडातच होती. दोघी बहिणींना सांगितलं, ओळखपत्रं घेऊन तिथेच या. आप्पांना मी बोलावलं नव्हतं. तेच स्वातीला गाडीतून घेऊन आले. माझ्याशी बोलले, "मिटवून टाकू मॅडम," एवढंच.

सारिका भांडगावहून टेम्पोत पुढे बसून आली. टेम्पोत मागे टोमॅटोच्या रोपांचे ट्रे होते, कुरकुंभकडे कुठेतरी पोचवायचे होते. स्वाती पंजाबी ड्रेसमध्ये, सारिका साडीत, हाताला माती. बाकी नाक, डोळे, उभं राहायची ढब, सगळं एक. सारिका आप्पांकडे न बघता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये स्वाती. आप्पा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिले.

शाखाधिकारी पवार म्हणून एक तरुण गृहस्थ होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात आयकार्ड. त्यांनी कीबोर्डवर नंबर टाकला आणि स्वातीकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुमचा अकाउंट तर एनपीए, म्हणजे थकीत होऊन राइट-ऑफ झालाय. तुम्ही इतके दिवस आल्या का नाहीत?"

"मी न्हाई, ती," सारिका म्हणाली. "म्हंजी ती न्हाई, मी. आन् मी बी बुडवलं न्हाई."

पवारांनी एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "तुम्ही दोघी..."

"तेच तर सांगायला आलोय," मी म्हणाले आणि दोघींचे पॅन त्यांच्यासमोर ठेवले.

त्यांनी ते नीट बघितले. मग आवाज जरा मऊ झाला. "ओके. हे स्वाती मॅडमचं नाही, हे मी मान्य करतो. पण सारिका मॅडमची बाकी दिसतेय. आमच्या रिकव्हरी टीमने किती कॉल केलेत बघा. वर्षभर कॉल. एकदाही रिस्पॉन्स नाही."

"कुठल्या नंबरवर?"

त्यांनी नंबर वाचला. आप्पांनी कॅलेंडरवरची नजर काढली.

"ह्यो माझा नंबर हाय."

"मग तुम्ही फोन का नाही उचलला काका?"

आप्पा कानाच्या पाळीला हात लावून बसले. "उचलायचो की. हिंदीतनं बाई बोलायची, लोन लोन करत. मी म्हणायचो, लोन नको बाई, आन् कट करायचो. एकदा दोनदा मळ्यात कामाला येणाऱ्या भैयाकडंबी दिला फोन. तो म्हणाला, आप्पा, कुछ नहीं, लोनवाले हैं."

सारिकाने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला दिसलं नाही.

पवार म्हणाले, "ठीक आहे, माझ्याकडे सोल्यूशन आहे. सेटलमेंट करून टाकू. व्याज, पेनल्टी सगळं सोडतो. ही एवढी रक्कम भरा, आजच लेटर देतो. नोकरीचा प्रश्न आहे ना? विषय संपला." त्यांनी एका चिठ्ठीवर आकडा लिहून आप्पांकडे सरकवला.

आकडा मोठा नव्हता. स्वातीच्या एका पगारात बसला असता. आप्पांनी चिठ्ठी वाचली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला. ते पैसे घेऊनच आले होते.

"भरतो," ते म्हणाले. "पोरीची नोकरी जायला नको."

खरं सांगते, अशा वेळी बहुतेक लोक भरतात. मीही समजू शकते. पण सेटलमेंट ह्या शब्दाने फसू नका. तडजोड करून कमी पैशांत कर्ज मिटवलं की रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो. त्याचा अर्थ पुढचा कर्ज देणारा असा लावतो की ह्या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. तो शेरा वर्षानुवर्षं राहतो. स्वाती सुटली असती. सारिका कायमची अडकली असती, तेही फेडलेल्या कर्जापायी.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सारिका उठून उभी राहिली.

"आप्पा, एक रुपाया द्यायचा न्हाई."

आल्यापासून ती पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होती.

"मी दोन वर्सं दोन-दोन शिफ्टा करून गाडीचं पैसं फेडलं. आता तुम्ही भरलं, तर म्हंजी मी बुडवलं व्हतं असं झालं. मग मी खोटी. तुम्हाला मी खोटी वाटती का?"

आप्पांचा हात खिशातच राहिला. बाहेर स्टेशनवरची अनाउन्समेंट ऐकू येत होती.

मग आप्पांनी हात रिकामा बाहेर काढला. "बोला मॅडम," ते मला म्हणाले. "तुम्हीच बोला आता."

मी परिवहन खात्याच्या वेबसाइटवरून काढलेला गाडीचा उतारा पवारांसमोर ठेवला. गाडी दूधवाल्याच्या नावावर. बोजा, नाही. त्याच्याखाली आरटीओतून मिळवलेली बोजा उतरवण्याच्या फॉर्मची प्रत. दूधवाल्याने बिचाऱ्याने त्यासाठी एक सकाळ घालवली होती. त्यावर दौंड शाखेचा शिक्का होता.

"हा आमचा शिक्का नाही," पवार म्हणाले. "ही जुनी कंपनी. आम्ही टेकओव्हर केली."

"म्हणजे तिची येणी तुम्ही घेतलीत."

"हो. लोन बुक घेतलं."

"येणी घेतलीत तर तिच्या सह्याही घेतल्यात. ही सही तुमच्यावर बांधील आहे."

"मॅडम, तो लीगलचा विषय आहे. आणि आमच्या सिस्टिममध्ये बाकी दिसते म्हटल्यावर मी काय करणार? सिस्टिम चुकीचं दाखवत नाही."

"जुन्या कंपनीचं सॉफ्टवेअर बंद केलंत?"

"बंद नाही. रीड ओन्ली ठेवलंय. बघता येतं, बदलता येत नाही."

"मला बघायचंच आहे."

"ते कोणी उघडत नाही मॅडम. स्लो आहे फार."

"आम्हाला घाई नाही," मी म्हणाले. घाई तर होतीच, पण हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

ते सॉफ्टवेअर खरंच स्लो होतं. पवारांनी चहा मागवला. चहा आला, पिऊन झाला, तरी पडद्यावर गोल चक्र फिरत होतं. स्वाती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. शेवटी पान उघडलं. पवारांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. मग त्यांनी मॉनिटर आमच्याकडे फिरवला.

सारिका मारुती नलावडे. टू-व्हीलर. मुदतीआधी पूर्ण भरणा. स्टेटस: क्लोज्ड.

"अकाउंट बंद झालेला आहे," पवार हळू आवाजात म्हणाले. "टेकओव्हरच्या वेळी डेटा मायग्रेट केला, तेव्हा हिचा भरणा यायचा राहिला असणार. त्याच्या आधीची बाकी आली."

मायग्रेट म्हणजे एका सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्यात ओतणं. तांदूळ एका डब्यातून दुसऱ्यात ओततो तसं. इथे ओतताना थोडे सांडले होते, आणि सांडलेले दाणे नेमके सारिकाचे होते.

"आप्पा, दिसलं का?" स्वाती म्हणाली. "क्लोज्ड म्हणजे फिटलं."

"मला तेवढं इंग्रजी येतं," आप्पा म्हणाले. पण ते पडद्याकडे बघत नव्हते, सारिकाकडे बघत होते.

पवारांनी मॉनिटर परत स्वतःकडे वळवला. "मी हेड ऑफिसला टाकतो. बघतील ते."

"बघतील नाही," मी म्हणाले. "माझी लेखी तक्रार आत्ता घ्या आणि पोच द्या. नियमाने महिन्याच्या आत दुरुस्ती करावी लागते, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाची भरपाई ग्राहकाला द्यावी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. आमची पहिली तक्रार तुम्ही न बघता फेटाळलीत, तोही कागद जोडलाय. महिनाअखेरच्या आत दोन पत्रं हवीत. एक, हे कर्ज स्वातीचं कधीच नव्हतं. दुसरं, सारिकाने ते पूर्ण फेडलं होतं आणि राइट-ऑफ तुमच्या चुकीने लागलं. पत्रं नाही आली तर मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, आणि ह्या स्क्रीनचा फोटो सोबत असेल."

"फोटो काढू नका मॅडम, अलाउड नाही."

"मग प्रिंट द्या."

त्यांनी प्रिंट दिली. सही-शिक्क्यासकट दिली. एवढं मी त्यांच्या बाजूने सांगेन, चूक दिसल्यावर ह्या माणसाने लपवाछपवी केली नाही. समोरच हेड ऑफिसला फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, मेल करा, बघू. पवार म्हणाले, "बघू नाही. कस्टमर समोर बसलेत, जुनी स्क्रीन मी स्वतः बघितलीय. चूक आपली आहे." असं शाखेतल्या माणसाने हेड ऑफिसला म्हणणं सोपं नसतं. मी बँकेत होते, मला माहीत आहे.

पत्रं आली. मुदत संपायला थोडे दिवस असताना आली, एका सोमवारी. आदल्या दिवशी चर्चमध्ये मी स्वातीसाठी प्रार्थना केली होती, हे मी तिला कधी सांगितलं नाही. पत्रं मी दोनदा वाचली. शब्दन् शब्द बरोबर होता. स्वातीने बँकेला पाठवली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. ती रडतच होती. मी म्हणाले, "रुजू व्हायची तारीख सांग, बाकी नंतर रड." तिने तारीख सांगितली.

ब्युरोची दुरुस्ती त्यानंतर झाली. आधी राइट-ऑफ गेलं, मग फाइल वेगळ्या झाल्या. आता स्वातीच्या रिपोर्टवर फक्त मोबाइल आहे आणि सारिकाच्या रिपोर्टवर फक्त स्कूटी, पुढे 'क्लोज्ड'. दोघींचे स्कोअर असे वर आले की मी स्वतः ते पान दोनदा उघडून बघितलं. सारिकाला शेडनेटचं कर्ज मंजूर झालं. ह्या खेपेला तिला कोणी परत पाठवलं नाही. मॅनेजर म्हणे शेत बघायला स्वतः आला आणि जाताना मिरचीची रोपं घेऊन गेला.

पवारांचाही फोन आला. "मॅडम, त्या लॉटमध्ये तुमच्या सारिका मॅडम एकट्या नव्हत्या. टेकओव्हरच्या आसपास ज्यांनी ज्यांनी कर्ज एकरकमी फेडलं, त्यातल्या बऱ्याच जणांचं असंच झालंय. हेड ऑफिसने सगळे अकाउंट काढलेत. एकदम दुरुस्त होणार." त्यांना बढती मिळाली की बोलणी बसली, ते मी विचारलं नाही. पण त्या दिवशी मी ऑफिस लवकर बंद केलं, खालच्या हॉटेलातून भजी मागवली आणि नवऱ्याला फोन करून सांगितलं की आज स्वयंपाक नाही. कुठल्या कुठल्या गावातली माणसं, ज्यांना आपल्या नावावर काय लिहिलंय हे माहीतसुद्धा नव्हतं, त्यांची नावं एका फटक्यात स्वच्छ होणार होती. नोकरीतल्या सगळ्या वर्षांत मला इतका आनंद क्वचितच झाला असेल.

आप्पांनी माझी फी घासाघीस न करता दिली. माफी वगैरे ते काही बोलले नाहीत, तसं बोलायची त्यांना सवय नाही. पण सारिकाने मला नंतर सांगितलं. एक दिवस ते सांगितल्याशिवाय भांडगावला आले. नर्सरीत खुर्ची टाकून बसले. चहा घेतला. बराच वेळ रोपांकडे बघून म्हणाले, "वांगी लावायची म्हणतोय औंदा. तुझी रोपं देती का?"

"आन् मग?" मी विचारलं.

"दिली की. चांगली निवडून दिली."

"पैसे घेतलेस?"

"पुरं घेतलं," सारिका म्हणाली. "आन् पावतीबी दिली. मग जेवूनच गेले. जाताना माझ्या सासऱ्यांना म्हणाले, आमच्या पोरीनं हप्ता चुकूं दिला न्हाई कवाच."

आता धडा. माझ्याकडे येणारे लोक विचारतात, मॅडम, आम्ही काय करावं? ब्युरोकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो मागवा आणि वाचा. कर्ज फिटलं की त्याच दिवशी कंपनीकडून तसं लिहून घ्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या कागदावर त्याचा स्वतःचा नंबर टाका. चूक सापडली तर लेखी तक्रार करा आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू नका. आणि ती चूक मिटवायला कोणी थोडेसे पैसे मागितले, तर अजिबात देऊ नका. पैसे दिले की ती चूक त्यांची राहत नाही, तुमची होते.